चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध

शाळकरी मुलांच्या निबंधाला इतिहासात काही जागा असते काय, असा प्रश्न कोणी विचारला तर पुष्कळ शहाणी माणसे हसतील. निबंध म्हणजे मास्तरांनी विषय द्यायचा, मुलाने दोन पाने भरायची, मास्तरांनी तांबड्या शाईने गुण द्यायचे आणि वर्षाअखेर ती वही रद्दीवाल्याने वजनावर न्यायची, एवढीच त्याची हकीकत आपल्याला ठाऊक असते. तथापि आपल्या महाराष्ट्रात एका शाळकरी मुलीचा एक निबंध असा आहे की जो रद्दीत गेला नाही. तो लिहिला गेला त्याला आता पावणेदोनशे वर्षे होत आली. तो आजही वाचला की वाचणारा अस्वस्थ होतो, आणि आपले मन नेमके कोणत्या वाक्यापाशी वळले हे त्याचे त्यालाच समजत नाही. भाषेने दुसऱ्याचे मन कसे वळवावे, हे ज्याला शिकायचे आहे त्याने या निबंधाकडे जावे, असे आम्हांस वाटते. म्हणून आजच्या व्याख्यानासाठी आम्ही तोच विषय घेतला आहे.

त्या मुलीचे नाव मुक्ता साळवे. वय वर्षे चौदा. जात मातंग, त्या काळच्या बोलण्यात मांग. निबंधाचा विषय मांग-महारांचे दुःख. तो १८५५ साली 'ज्ञानोदय' या पत्रात दोन हप्त्यांत छापला गेला. पहिला हप्ता १५ फेब्रुवारीच्या अंकात आला व दुसरा १ मार्चच्या अंकात.

आधी काळ नीट ध्यानात घेऊ. पेशवाई बुडाली १८१८ साली. म्हणजे मुक्ताने लेखणी उचलली तेव्हा त्या गोष्टीला अवघी सदतीस वर्षे झाली होती. पेशवाईत ज्यांनी अंगावर मार सोसला ती म्हातारी माणसे पुण्याच्या वस्त्यांतून अजून हयात होती. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली ती १८४८ साली. पुढे वेताळ पेठेत अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांमुलींसाठी शाळा निघाली ती १८५२ साली. शाळेला जागा मिळणे कठीण, मास्तर मिळणे कठीण आणि मुले मिळणे तर त्याहून कठीण होते. मुलांना शाळेकडे वळविण्याच्या कामी लहुजी वस्ताद साळवे यांनी फार साह्य केले. त्या शाळेत तीन वर्षे शिकलेली ही मुलगी. तीन वर्षांची विद्या म्हणजे आजच्या हिशेबाने तिसरी इयत्ता!

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तेव्हा मराठी गद्यच अजून बाल्यात होते. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघाले १८३२ साली. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ सालचे. लोकहितवादींची शतपत्रे 'प्रभाकर' पत्रात येऊ लागली १८४८ साली. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' तर या निबंधानंतर दोन वर्षांनी, १८५७ साली प्रसिद्ध झाले. तात्पर्य, मुक्तापुढे गिरवायला निबंधाचे कित्ते नव्हते. वाद कसा मांडावा, उपमा कोठे घालावी, शेवट कसा करावा हे सांगणारे पुस्तक तिच्या दप्तरात असण्याचा संभव नव्हता. तिच्याजवळ होते ते तीन वर्षांचे शिक्षण, घरातल्या वडील माणसांच्या आठवणी आणि स्वतःचे डोळे.

आता तिने काय केले ते क्रमाने पाहू. तिचे शब्द आम्ही येथे उचलून देत नाही. मूळ निबंध प्रत्येकाने स्वतः वाचावा. आम्ही तिच्या मांडणीची रीत तेवढी सांगतो.

प्रारंभी ती देवाचे स्मरण करते, आपले सामर्थ्य थोडे आहे असे नम्रपणे सांगते आणि लगेच वादाला हात घालते. तिचा पहिला डाव असा. तुम्ही म्हणता वेद आमचेच आहेत, ते इतरांनी पाहूही नयेत. बरे, आम्ही ते मान्य करतो. मग आमचा धर्मग्रंथ कोणता? मुसलमानाला कुराण आहे, इंग्रजाला बायबल आहे, ब्राह्मणाला वेद आहेत. आम्हांला ग्रंथ नसेल तर आम्ही धर्मावेगळे ठरलो. आणि असे असेल तर देवा, तुझ्याकडून आलेला आमचा धर्म कोणता, ते तूच आम्हांला सांग.

श्रोतेहो, या मांडणीतील कसब पाहा. तिने प्रतिपक्षाचे म्हणणे खोडले नाही. ते जसेच्या तसे उचलून पदरात घेतले आणि त्याच्याच वाटेने चालत चालत त्याला अशा ठिकाणी आणून सोडले की पुढे कडा आणि मागे भिंत. आम्ही कामगारांच्या चळवळीत आयुष्य घालविले. वाटाघाटीच्या टेबलावर हेच शस्त्र सर्वांत जास्त चालते, हे आम्ही पाहिले आहे. मालक म्हणतो, कारखाना म्हणजे एक कुटुंब आहे. त्याच्याशी भांडू नये. म्हणावे, उत्तम! मग कुटुंबातले माणूस आजारी पडले तर त्या दिवसाची भाकरी कोणी कापते काय? त्यानेच घातलेल्या पायावर उभे राहून बोलले म्हणजे त्याला पाय काढून घेता येत नाही.

दुसरा डाव तुलनेचा. पेशवाईत आम्हांला गाढवासारखे मानीत, असे ती लिहिते. पण एवढ्यावर थांबती तर ती साधी तक्रार झाली असती. ती पुढे विचारते की, एखाद्याच्या लंगड्या गाढवाला मारून पाहा, त्याचा धनी धावून येऊन तुमची फजिती करील की नाही? मांग-महाराला मारू नका म्हणणारा असा कोणी धनी होता काय? येथे तुलना उलटली. गाढवासारखे मानले, ही गोष्ट दूरच राहिली. गाढवाला जेवढे संरक्षण होते तेवढेही माणसाला नव्हते. ही उपमा वाक्य सजविण्यासाठी आलेली नाही. ती पुरावा म्हणून आली आहे. ज्या उपमेने मुद्दा एक पाऊल पुढे सरकत नाही, ती लेखणीतून उतरली नाही तरी चालते.

तिसरी गोष्ट ऐकीव इतिहासाची. तालीमखान्यापुढून जाणाऱ्या मांग-महाराचे डोके छाटून गुलटेकडीच्या मैदानात त्याचा चेंडू करीत, मोठ्या इमारतींच्या पायांत माणसांना तेल-शेंदूर पाजून पुरीत, अशा अंगावर शहारा आणणाऱ्या गोष्टी ती सांगते. येथे इतिहासाच्या अभ्यासकाने सावध असले पाहिजे. चौदा वर्षांच्या मुलीने बाजीरावाचे राज्य पाहिलेले नाही. ती सांगते ते वडीलधाऱ्यांच्या तोंडून आलेले आहे. दप्तरातील कागद आणि लोकांच्या तोंडची आठवण यांची जात निराळी असते. कागद ज्याच्या हाती लेखणी होती त्याचे सांगतो. ज्यांना अक्षर शिकायची बंदी होती, त्यांच्या वाट्याला आठवणच येणार! म्हणून तिची प्रत्येक हकीकत आपण न्यायालयातील साक्षीसारखी तपासू शकतो. पण ती एका समाजाच्या मनात किती खोल रुतली होती, याचा तो निबंध स्वतःच अस्सल पुरावा आहे, हे कोणालाही नाकारता येणार नाही. तिने ही हकीकत दिली तीही ठावठिकाणा आणि राज्यकर्त्याचे नाव घेऊन दिली. 'पूर्वी फार जुलूम होत असे' एवढेच मोघम लिहून ती थांबली नाही. मोघम बोलणे ऐकणाऱ्याच्या कानावरून निघून जाते. गावाचे नाव घेतले की त्याची पावले थबकतात.

चौथी गोष्ट आम्हांस सर्वांत मोठी वाटते. आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परसुद्धा नसते, थंडी-वारा-पाऊस यांत त्यांचे काय होत असेल याचा विचार तुम्ही आपल्याच अनुभवावरून करा, असे ती वाचकाला म्हणते. बाळंतरोग झाला तर वैद्याला आणि औषधाला पैसा कोठला? आणि फुकट औषध देणारा वैद्य तुमच्यांत कोण होता? शास्त्रार्थाचा वाद येथे संपला. वेदांविषयी वाद घालता येतो. पावसात भिजणाऱ्या ओल्या बाळंतिणीविषयी काय वाद घालणार? वाचणाऱ्याच्या घरातही कोणी बाळंत झालेले असतेच. तिने त्याच्या दुःखाच्या आठवणीला हाक मारली आणि दोन वस्त्यांमधली भिंत एका वाक्यापुरती पाडली.

पाचवी गोष्ट न्यायबुद्धीची. ज्यांनी पूर्वी दुःख दिले त्यांच्यातीलच काही ब्राह्मण आता आम्हांला वर काढण्यासाठी रात्रंदिवस झटत आहेत, त्यांना ती आपले प्रिय देशबंधू म्हणते. आणि लगेच सांगते की सगळेच तसे नाहीत. काहींचा द्वेष पूर्वीसारखाच आहे. सरसकट शिव्या देणे सोपे असते आणि सरसकट आभार मानणे त्याहून सोपे असते. माणसे निवडून, वेगळी करून बोलणे अवघड. पण ज्याचे बोलणे असे तोलून येते त्याच्यावर परक्याचाही विश्वास बसतो.

सहावी गोष्ट वाचून तर आम्ही चकित झालो. शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलांना वरच्या जातींची मुले दगड मारतात, मोठी जखमही होते. तरी आईबाप सरकारात फिर्याद नेत नाहीत, असे ती सांगते. का नेत नाहीत? कारण उद्या उष्टे मागायला त्यांच्याच दारी जायचे असते. पोट ज्याच्या हाती, त्याच्याविरुद्ध तोंड उघडत नाही, हे सत्य या मुलीने अर्थशास्त्राचा एक शब्द न ऐकता सांगून टाकले. पुढे मोठमोठ्या पंडितांनी यावर ग्रंथ लिहिले. एका खात्यात शंभर माणसे अन्याय सोसतात आणि सहीला एकही पुढे येत नाही, तेव्हा बाहेरचे लोक त्यांना भित्रे म्हणतात. आम्ही त्यांना हा निबंध वाचायला सांगतो. ते भित्रेपण नसते. संध्याकाळच्या भाकरीचा तो हिशेब असतो.

आणि शेवट. शेवटी ती ब्राह्मणांकडे पाहत नाही, सरकारकडे पाहत नाही. ती आपल्या लोकांकडे वळते. तुम्ही दुखणेकरी आहात, ज्ञानाचे औषध घ्या. म्हणजे जनावरांसारखी तुमची जी हजेरी घेतली जाते ती बंद होईल. ही हजेरी म्हणजे काय? काही जातींच्या माणसांनी चावडीवर जाऊन आपण गावातच आहोत, चोरीला गेलो नाही, हे दाखवायचे! गुन्हेगार जमातींचा कायदा झाला १८७१ साली आणि तो रद्द झाला १९५२ साली. म्हणजे तो कायदा होण्याच्या सोळा वर्षे आधी ही मुलगी त्या हजेरीवर बोट ठेवत होती. त्याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. शिकलात की चांगले व्हाल, असे सांगून झाल्यावर ती स्वतःच कबूल करते की हे आपल्याला निर्विवाद सिद्ध करता येत नाही. शिकून सुधारलेले म्हणविणारेही कधी कधी भयंकर कर्मे करतात. आपल्याच मुद्द्याची मर्यादा आपणच सांगायची, हे धैर्य कितीशा वक्त्यांजवळ असते? आम्ही अनेक सभा ऐकल्या. तेथे हे क्वचितच आढळले.

येथे एक आक्षेप येतो, तो टाळून चालणार नाही. या निबंधात इंग्रजी राज्याची स्तुती आहे. बारीक पांघरूण अंगावर घेतले तर चोरीचा आळ घेऊन मारीत, ते आता बंद झाले. गुलटेकडीच्या बाजारात फिरण्याची मोकळीक झाली. जुलमाची बिगार गेली. याबद्दल ती सरकारचे उपकार मानते. मग ही मुलगी परक्यांची भाट होती काय? आमचे उत्तर असे की, तिने मोकळिकीची यादी दिली आहे ती वाचा. पांघरूण, बाजार, बिगार. या तीन गोष्टींबद्दल माणसाला कोणाचे तरी आभार मानावे लागतात, यातच आधीच्या राज्याचा निकाल लागला. इंग्रजांचे राज्य इंग्रजांच्या फायद्याचे होते, हे आपण आज जाणतो. पण बाजारात पाऊल टाकायला मिळाले तो आनंद खोटा होता असे म्हणण्याचा अधिकार, ज्याला बाजार कधी बंद नव्हता त्याला नाही.

दुसरा आक्षेप अधिक जुनाट आहे. चौदा वर्षांची मुलगी असे लिहील काय? मास्तरांनी लिहून दिले असेल! हा आक्षेप आमच्या फार ओळखीचा आहे. कामगाराने नीट अक्षरात, नीट शब्दांत अर्ज दिला की साहेब अर्जातील मजकूर वाचण्याआधी विचारतो, 'हे तुला कोणी लिहून दिले?' अर्ज चुकांनी भरलेला असेल तर म्हणतो, 'यातले काही कळत नाही.' म्हणजे चुकलो तर अडाणी आणि नीट लिहिले तर दुसऱ्याचे! मास्तरांनी एखादा शब्द सुधारला असेल. सुधारणे हे मास्तरांचे कामच आहे. पण छप्पर नसलेल्या घरातील बाळंतीण, उष्ट्यासाठी गिळलेला अपमान आणि दगड खाऊन परत आलेले पोर, ही सामग्री कोणत्या मास्तरांच्या पुस्तकातून येणार? शब्द उसने मिळतात, साक्ष उसनी मिळत नाही.

१८५५ हेच साल जोतीरावांच्या 'तृतीय रत्न' नाटकाचेही आहे. पुढे ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली. १८८८ साली गोपाळबाबा वलंगकरांनी 'विटाळ विध्वंसन' लिहून अस्पृश्यता मानणाऱ्यांपुढे प्रश्नांची मालिकाच उभी केली. ही सर्व मंडळी मुक्ताचा निबंध वाचून लिहू लागली, असे आमचे म्हणणे नाही. परंतु ज्यांना बोलू दिले नव्हते ती माणसे जेव्हा लिहू लागली, तेव्हा त्यांनी अलंकारांची पेटी उघडली नाही. त्यांनी प्रश्न विचारले, हे मात्र खरे.

आमच्या चळवळीचा पहिला अध्यायही याच रीतीने लिहिला गेला. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. त्यात मागण्या कोणत्या? रविवारी सुटी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. कामावर जखमी झालेल्याला भरपाई. पाहा, यात 'आमच्यावर अनन्वित अत्याचार होत आहेत' असला मोघमपणा नाही. अर्धा तास, साडेसहा, १५ तारीख! ज्या निवेदनात घड्याळाचा काटा दाखविलेला असतो, त्याला टाळाटाळीचे उत्तर देणे जड जाते. पुढे २४ एप्रिल १८९० रोजी दहा हजारांवर कामगारांची सभा झाली, तीत दोन कामकरी स्त्रियाही बोलल्या. त्याच वर्षी १० जूनला मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. सहा वर्षे लागली. पण मागणीचा शब्द बदलावा लागला नाही.

आता आपल्या मुलांकडे वळू. आज शाळेत निबंध आहेत, पत्रलेखन आहे, जाहिरात तयार करणे आहे. म्हणजे मन वळविण्याची भाषा शिकविण्याची सोय आहे. परंतु मुले लिहितात काय? बाजारात तयार निबंधांची पुस्तके मिळतात, आणि आता तर विषय सांगितल्याबरोबर यंत्रच निबंध लिहून देते. 'शेतकऱ्याचे मनोगत' या विषयावर एका खोलीतील पन्नास मुले एकच मनोगत लिहितात. त्यात काळी आई असते, घामाचे मोती असतात, पण बियाण्याच्या पिशवीची किंमत नसते आणि सावकाराचे व्याज नसते. ज्याचा बाप खरोखर शेतात राबतो तोही मुलगा घरचे सोडून पुस्तकातले लिहितो, कारण गुण पुस्तकातल्याला मिळतात. आम्हांस याचे फार वाईट वाटते. त्या मुलाला आपण भाषा शिकवीत नाही; आपले पाहिलेले लपवायला शिकवितो.

काही पालक विचारतात, मन वळविण्याची कला मुलांना शिकवावी कशाला? ती तर जाहिरातदारांची आणि निवडणुकीच्या वक्त्यांची विद्या! यावर आमचे म्हणणे असे की, म्हणूनच शिकवावी. कुलूप कसे उघडते हे चोराला ठाऊक आहे म्हणून घरधन्याने किल्ली वापरायची सोडू नये. फसवणारा आणि पटवून देणारा यांच्यातील भेद मुक्ताच्या निबंधाने उघड होतो. फसवणारा प्रतिपक्षाचे म्हणणे वाकडे करून सांगतो. तिने ते सरळ सांगितले. फसवणारा सर्वांना एका मापाने मोजतो. तिने निवडून मोजले. फसवणारा आपल्या मालाचा दोष झाकतो. तिने आपल्या मुद्द्याची उणीव स्वतः मांडली. एवढ्या तीन कसोट्या मुलांच्या हाती दिल्या तर ती चांगले लिहितील आणि कोणाच्या लिहिण्याला सहजासहजी बळीही पडणार नाहीत.

पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली १८७५ साली, मुक्ताच्या निबंधानंतर वीस वर्षांनी. त्या परंपरेत आज आपण येथे बसलो आहोत. विद्वानांची भाषणे ऐकण्याची सवय आपल्याला लागली, ही चांगलीच गोष्ट झाली. पण मुक्ताचे एवढे एकच लेखन आज आपल्याला उपलब्ध आहे. या पुढे तिने काय लिहिले असते, ते आपल्यापर्यंत पोहोचलेले नाही. ज्या समाजात एक निबंध लिहिणारी मुलगी दुसरा निबंध लिहीपर्यंत टिकत नाही, त्या समाजाचे किती नुकसान होत असेल याचा हिशेब कोण करणार?

म्हणून आमची श्रोत्यांना एक विनंती आहे. आपल्या घरी, शेजारी, घरकामाला येणाऱ्या बाईच्या घरी जी मुले शिकत असतील, त्यांची निबंधाची वही एकदा मागून घ्या. तांबड्या शाईचे गुण पाहू नका. त्या मुलाने स्वतः पाहिलेले एक तरी वाक्य तीत आहे काय, तेवढे पाहा. असले तर ते त्याला मोठ्याने वाचून दाखवायला सांगा, आणि त्याचे वाचून होईपर्यंत मध्ये बोलू नका.